फलकावर तीन क्विंटल, काकांच्या वावरात दीड : उन्हाळी तिळाचं नेमकं कुठं चुकतं?

प्रश्न कळमेश्वर तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा : "पऱ्हाटी (कपाशी) जानेवारीत उपटली की आमचं दीड एकर वावर पावसाळ्यापर्यंत रिकामं राहतं. विहिरीला एप्रिलअखेरपर्यंत पाणी असतं. मागच्या उन्हाळ्यात गावात तिळाचं प्रात्यक्षिक (शेतकऱ्याच्याच वावरात नव्या तंत्रानं पीक घेऊन दाखवणं) झालं, फलकावर एकरी तीन क्विंटल लिहिलं होतं. त्यातलंच उरलेलं बियाणं शेजारच्या काकांनी पेरलं, त्यांना दीडच क्विंटल झालं. काका म्हणतात, प्रात्यक्षिक फोटोपुरतं असतं. यंदा माझं नाव प्रात्यक्षिकाच्या यादीत आहे. तीळ घ्यावा का, आणि घेतला तर खरंच परवडतो का?"

भाऊ, काकांचा राग मला समजतो, कारण माझं पहिलं प्रात्यक्षिक तसंच होतं. नागपूर जिल्ह्यात अशी प्रात्यक्षिकं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. पहिल्या वर्षी मी काय केलं? शेतकऱ्याचा गोठ्यालगतचा, वर्षानुवर्षं शेणखत पडलेला तुकडा प्रात्यक्षिकाला निवडला आणि तुलनेला धुऱ्याकडचा मुरमाड पट्टा ठेवला. तीळ झकास आला, फलक लागला, फोटो निघाले. पुढच्या वर्षी त्या गावात एकानंही तीळ पेरला नाही. एका म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं, "साहेब, त्या तुकड्यात तर आंबाडीबी छातीएवढी होते." त्याचं म्हणणं खरं होतं. मी जमीन दाखवली होती, तीळ दाखवलाच नव्हता.

म्हणून आधी काकांच्या दीड क्विंटलकडं बघू. बियाणं तेच, गाव तेच, पाणी साधारण तेच. मग अर्धा माल गेला कुठं? मी पैजेवर सांगतो, त्यातला मोठा वाटा विरळणीत, म्हणजे दाट उगवलेली जास्तीची रोपं उपटण्याच्या कामात गेला. म्हणजे विरळणी झालीच नाही, किंवा महिन्यानंतर झाली.

हिशेब करून बघा. हेक्टरी तीन किलो बियाणं म्हणजे एकरी साधारण १ किलो २०० ग्रॅम. तिळाचे हजार दाणे जेमतेम तीन ग्रॅम भरतात. म्हणजे एकरात चार लाख दाणे पडले. ओळी ३० सेंटिमीटरवर असतील तर एकरात ओळींची लांबी होते साडेतेरा हजार मीटरच्या आसपास. एका मीटरला तीस दाणे आले. सत्तर टक्के उगवले तरी एकवीस रोपं. आणि ठेवायची किती? १५ सेंटिमीटरवर एक, म्हणजे मीटरला सहा-सात. शिफारस हेक्टरी सव्वादोन लाख झाडांची आहे ती याच मापानं, ३० बाय १५ किंवा ४५ बाय १०. याचा अर्थ तीन रोपांतली दोन उपटायचीच आहेत. कमी बियाणं पेरून हे टाळता येईल असं वाटतं, पण इतकं बारीक बी तिफणीनं एवढं विरळ पडत नाही. वाळू किंवा चाळलेलं शेणखत समप्रमाणात मिसळून पेरलं तरी झुबके होतातच.

ही उपटणी माणसाच्या जिवावर येते. एका गावात मी आजींसोबत ओळीत बसलो होतो. रोपं चार पानांवर, बोटभर उंच. मी तीन उपटली, त्यांनी एकही नाही. म्हणाल्या, "देवानं उगवलं ते उपटाचं कसं?" मी वाद घातला नाही. त्याच ओळीतला दहा फूट तुकडा त्यांच्या मनासारखा ठेवला, बाकीचा विरळला. पन्नासाव्या दिवशी त्या दहा फुटांत झाडं काडीसारखी सरळ वाढलेली, फांदी नाही, बोंडं फक्त शेंड्याला, मोजून दहा-बारा. शेजारच्या विरळलेल्या झाडाला खालून फांद्या फुटलेल्या आणि बोंडं इतकी की मोजता मोजता आजींनीच मध्ये सोडून दिलं. पुढच्या वर्षी सुनेला विरळणीला त्याच घेऊन आल्या.

विरळणी दोनदा करायची. पहिली आठव्या दिवशी, हलक्या हातानं, झुबके मोडण्यापुरती. दुसरी पंधरा ते वीस दिवसांत, पक्की. त्याच्या पुढं गेलात तर उपटताना शेजारच्या रोपाचं मूळ हलतं, आणि तोवर झाडांनी उंचीची शर्यत लावलेली असते. ओल असताना करा, कोरड्यात रोप तुटतं आणि बुडातून पुन्हा फुटतं. एक मीटरची काठी कापून ठेवा. ती ओळीवर आडवी टाकायची, सात ठेवायची, बाकी काढायची. बायांना एका तासात सराव होतो.

आता तारीख. उन्हाळी तीळ जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पंधरवड्यापर्यंत जमिनीत पडला पाहिजे. त्याआधी थंडीनं उगवण रखडते. नंतरची गोष्ट वाईट आहे. पीक ९० ते ९५ दिवसांचं. ५ फेब्रुवारीला पेरलंत तर १० मेच्या आत पेंढ्या बांधून मोकळे. १ मार्चला पेरलंत तर जून उजाडतो, आणि मधल्या काळातल्या वादळवाऱ्याच्या पावसाशी नागपूरकरांची ओळख करून द्यायला नको. शिवाय फुलोरा चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात सापडला की फुलं झडतात, बोंड धरत नाही.

एका वर्षी प्रात्यक्षिकाचं बियाणंच मुळी फेब्रुवारी संपता संपता गावात पोचलं. दोष कुणाचा ते जाऊ द्या. पाच शेतकऱ्यांनी "फुकटचं आहे तर टाकून बघू" म्हणून पेरलं. मेच्या शेवटी पेंढ्या उभ्या असताना दोन दिवस पाऊस लागला. दाणा काळपटला, वास आला, अडत्यानं मूठ घेऊन नाकाला लावली आणि भाव अर्ध्यावर आणला. तेव्हापासून माझा नियम ठरला : १५ फेब्रुवारीनंतर बियाणं आलं तर घ्या, पण डब्यात ठेवा. तुमचं नाव यादीत आहे म्हणून पेरण्याची सक्ती करून घेऊ नका. तुमच्या बाबतीत पऱ्हाटीची फरदड (हंगाम संपल्यावर पुन्हा पाणी देऊन राखलेली कपाशी) न घेता जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वावर मोकळं केलंत तर कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचाही मुक्काम मोडतो आणि तिळाला वखरपाळीसाठी वेळ मिळतो.

वाण उन्हाळ्याचाच हवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेटी-१०१ आणि एनटी-११-९१ हे दोन उन्हाळी हंगामासाठी शिफारस केलेले वाण आहेत, दोन्हींचं उत्पादन हेक्टरी सात-आठ क्विंटलच्या घरात, म्हणजे एकरी तीनच्या आसपास. तुमच्या फलकावरचा आकडा त्यामुळं मला अजिबात फुगवलेला वाटत नाही. दुकानदार एकेटी-६४ पुढं करेल. वाण चांगला, पण तो खरिपाचा. पेरणीआधी किलोला तीन ग्रॅम थायरम आणि नंतर चार ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. खोली एक इंचाच्या आत, म्हणजे अडीच सेंटिमीटर. बी खोल गेलं की संपलं, इतक्या लहान दाण्यात वर येण्याइतकी शिदोरीच नसते.

खताचा मुद्दा जरा थांबून सांगतो, कारण इथं पैसे वाचतात. शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र, २५ किलो स्फुरद. अर्धं नत्र आणि पूर्ण स्फुरद पेरताना, उरलेलं नत्र २१ दिवसांनी. सवयीनं सगळे डीएपीची (नत्र-स्फुरदाच्या जोडखताची) बॅग उचलतात. तिळाला मी ती उचलू देत नाही. तीळ तेलबिया आहे, दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल, आणि तेलाला गंधक लागतं. एकरी १० किलो स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिलं तर ६० ते ६५ किलो खत लागेल, म्हणजे सव्वा बॅग. त्यातून सात किलोच्या आसपास गंधक आपोआप जातं. गंधकाची शिफारस हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी आठ. झालं की काम. डीएपीत गंधक नाहीच, मग वेगळी गंधकाची पिशवी विकत घ्या. नत्रासाठी पेरताना ११ किलो युरिया आणि २१ दिवसांनी तेवढाच. एकराला युरियाची अर्धी बॅग पुरते. जास्त टाकलात तर तीळ पाल्यावर जातो. माती परीक्षणात जस्त कमी दिसलं तर हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट द्या, नाहीतर खर्च करू नका.

पाण्याबद्दल तुमची काळजी एप्रिलअखेरची आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर शेवटचं पाणी एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तोडायचं असतं, त्यामुळं जमेल. जमीन मध्यम असेल तर बारा-पंधरा दिवसांनी एक, हलकी असेल तर आठ-दहा दिवसांनी. फुलोरा आणि बोंडं भरण्याच्या वेळी ताण नको. पण पाणी कमी पडून मेलेला तीळ मी क्वचित पाहिला, पाणी साचून मेलेला पुष्कळ. काळ्या जमिनीत वाफा भरून रात्रभर मोटर चालू ठेवली की आठवड्यात मूळकूज, खोडकूज. वावर सपाट असेल तर उताराच्या बाजूनं चर काढून ठेवा. उगवणीपुरते तुषार सिंचन फार चांगलं, वरच्या मातीचा कडक पापुद्रा धरत नाही. फुलोऱ्यात मात्र मी सरीतूनच पाणी देतो.

पहिला महिनाभर तीळ फार सुस्त वाढतो. तण त्याच्या डोक्यावर बसतं. पंधराव्या ते विसाव्या दिवशी एक डवरणी (कोळपणी), तिसाव्याच्या आत दुसरी आणि एक निंदण. त्यापुढं पीक स्वतःच सावली करतं.

किडीत दोनच गोष्टींवर डोळा ठेवा. पानं गुंडाळून आत राहणारी अळी, तीच पुढं बोंडात शिरते. शेंड्याची पानं जाळ्यानं चिकटलेली दिसली की ५ टक्के निंबोळी अर्क, वेळेवर. दुसरा पर्णगुच्छ. फुलाच्या जागी हिरवी बारीक पानांची जुडी दिसते, झाड वांझ राहतं. हा रोग तुडतुडे पसरवतात आणि औषधानं लागलेलं झाड बरं होत नाही. दिसलं की उपटून वावराबाहेर न्या, तुडतुड्यांचा बंदोबस्त करा. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) तिळाला फारसं तोंड लावत नाहीत असा आपल्याकडच्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे. काटोल-कळमेश्वर पट्ट्यात हरभऱ्याची राखण करून थकलेले लोक तिळाकडं वळतात त्यामागं हेही एक कारण मी ऐकतो.

काढणीत काकांचा उरलेला वाटा गेला असणार. तिळाची बोंडं खालून वर पिकतात. सगळी पिकायची वाट बघितलीत तर खालची फुटून दाणे जमिनीवर, आणि जमिनीवरचा तीळ कुणी वेचत नाही. पानं गळायला लागली आणि पाऊण बोंडं पिवळी पडली की भल्या सकाळी गारव्यात कापा. लहान पेंढ्या बांधून उभ्या, एकमेकींना टेकवून, खाली ताडपत्री. चार-पाच दिवसांनी पेंढी उलटी करून हलक्या काठीनं झटका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. पेंढ्या वावरातल्या मातीवर उभ्या करून मग खळ्यावर ओढत नेल्या, की त्या वाटेवर तिळाची रेघ पडलेली असते. ती रेघ मी एका वर्षी झाडूनं गोळा करून मोजली होती. एका बंडीच्या वाटेवर माती मिसळलेला तीळ अडीच किलो निघाला. नंतर त्या घरानं ताडपत्री कधी विसरली नाही.

आता प्रात्यक्षिकाकडं. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झालं, त्यानंतर तेलबियांत शेतकऱ्याच्याच वावरात नवं तंत्र दाखवण्याचा हा प्रकार रुळला. आज कृषी विज्ञान केंद्रं तेलबियांची समूह प्रात्यक्षिकं घेतात, एका शेतकऱ्याकडं साधारण एक एकर. कागदावर तीन आकडे लिहावे लागतात, ते समजून घ्या, कारण तुमच्या गावाचं निदान त्यातच आहे. समजा वाणाची क्षमता एकरी ३.२ क्विंटल, तुमच्या प्रात्यक्षिकात २.६ आले आणि तुमच्याच रूढ पद्धतीच्या तुकड्यात १.५. क्षमता आणि प्रात्यक्षिक यातली ०.६ ची तूट ही जमीन, हवामान आणि आमच्या शिफारशी यांच्यातली. ती भरून काढणं आमचं काम. प्रात्यक्षिक आणि रूढ पद्धत यातले १.१ क्विंटल मात्र गावाच्या हातात आहेत, त्यासाठी नवा वाणही लागत नाही आणि नवं संशोधनही. अहवालात पहिल्या तफावतीची टक्केवारी काढतात, इथं ती १९ च्या आसपास येईल. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

हे आकडे खरे यायचे तर तुलनेचा तुकडा खरा हवा. तुमच्या दीड एकरात एक एकर प्रात्यक्षिक, आणि त्याच मातीत, त्याच उतारावर, लागूनच दहा गुंठे तुमच्या घरच्या पद्धतीनं ठेवा. एकाच दिवशी पेरा, एकाच वेळी पाणी द्या. त्या दहा गुंठ्यांत कुणी अधिकारी आला म्हणून चोरून विरळणी करू नका आणि मुद्दाम दुर्लक्षही करू नका. जमलं तर ते दहा गुंठे काकांनाच सांभाळायला द्या. माप सगळ्यांसमोर, एकाच काट्यावर, उपणून झाल्यावर.

शेतीदिन, म्हणजे गावाला प्रात्यक्षिक दाखवायचा कार्यक्रम, काढणीला घेतात, मंडप टाकून. मी गेली काही वर्षं विसाव्या दिवशी घेतो. बघायला तेव्हा काहीच नसतं, नुसती रोपं. पण काठी हातात देऊन पंधरा माणसं ओळीत बसवता येतात. काढणीच्या शेतीदिनाला लोक पीक बघून "वा" म्हणतात आणि विचारतात, बियाणं कुठलं? विसाव्या दिवशी तसा प्रश्नच येत नाही. हात कामाला लागतात.

परवडण्याचा हिशेब मी नेहमी फक्त जादाच्या खर्चावर मांडतो. नांगरट, पाणी, पेरणी तुम्हाला दोन्हीकडं लागणारच. जादा काय? विरळणीला एकरी सात-आठ बाया, ३०० रुपये रोज धरला तर २,४००. खताचा फरक, बीजप्रक्रिया, एखादी फवारणी मिळून दीड-दोन हजार. सगळं ४,००० धरा. जादा माल १.१ क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामासाठी तिळाचा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये जाहीर झाला, त्याआधीच्या वर्षी ९,२६७ होता. तुम्ही ९,००० च धरा. ९,९०० आले, ४,००० गेले, एकरी ५,९०० रुपये नुसत्या काळजीचे हातात. दर तुमच्या गावचे घालून हा हिशेब स्वतः पुन्हा करा. रिकाम्या वावराशी तुलना केलीत तर आकडा अर्थात बराच मोठा दिसेल, पण तो बघून भुलू नका, घरच्या माणसांची मजुरी त्यातून वजा करा.

भाव रंगावर, ओलीवर आणि मातेऱ्यावर ठरतो. पांढरा, सुका, चाळलेला माल नागपूरच्या कळमना बाजारात न्या आणि त्याच दिवशी तसाच न चाळलेला एक कट्टाही सोबत ठेवा, एकदाच. दोन्हींचे भाव ऐकलेत की घरी चाळणी कायमची येते. थोडा माल कडक वाळवून, पत्र्याच्या कोठीत, संक्रांतीपर्यंत ठेवायला हरकत नाही. लाकडी घाण्याचं तेल काढून विकायचा विचार असेल तर दाण्यातल्या ४८ टक्के तेलावर हिशेब धरू नका, घाण्यावर तेवढं निघत नाही. पेंड मात्र आपल्याच गाई-म्हशींना जाते, ती विसरू नका.

बियाणं दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही. तीळ बहुतांशी स्वपरागी आहे. वावराच्या मधल्या भागातली, रोग नसलेली, खालून फांद्या धरलेली झाडं वेगळी कापून त्यांचं बी दोन-तीन वर्षं चालवता येतं. एकराला सव्वा किलो लागतं, म्हणजे दहा किलो बी राखलंत तर त्यात आठ एकर पेरलं जाईल.

तेव्हा तीळ घ्या. जानेवारीत पऱ्हाटी उपटून वखरपाळी करून ठेवा, सुपर फॉस्फेटची सव्वा बॅग आणि मीटरची काठी तयार ठेवा, आणि बियाणं १५ फेब्रुवारीच्या आत मिळणार का ते आताच विचारून घ्या. पेरलंत की विसाव्या दिवशी काकांना बोलवा. काठी त्यांच्या हातात द्या आणि पहिली ओळ त्यांना करू द्या.